चित्र पाहतांना संगणक कां तापतो?

संगणकावर लेख वाचावयास घेतला, पत्र लिहिलें किंवा महिन्याचा हिशेब मांडला, तर यंत्राची कुरकुर सहसा ऐकूं येत नाहीं. परंतु त्याच यंत्रावर एखादें चलच्चित्र लावलें, किंवा परदेशीं असलेल्या मुलाशीं चित्रासह संभाषण सुरू केलें, कीं थोड्याच मिनिटांत आंतला पंखा घरघर करूं लागतो, यंत्राचा तळ हाताला चटका देतो, चित्र थबकत थबकत पुढें सरकतें आणि बोलणाऱ्याचा आवाज नेमका महत्त्वाच्या शब्दावर तुटतो. लिनक्स ही कार्यप्रणाली वापरणाऱ्या पुष्कळ घरांतून ही तक्रार ऐकूं येते.

तक्रार वाढण्यास एक कारणहि घडलें आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण मोफत सेवा थांबविली. तिच्या जागीं आलेली विंडोज ११ ही इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींच्या बहुतेक प्रोसेसरांना स्वीकारीत नाहीं. त्यामुळें २०१५ ते २०१७ च्या सुमारास घेतलेलीं, अजून धडधाकट असलेलीं अनेक यंत्रें एकाएकीं निराधार झालीं. ज्यांना तीं टाकून द्यावींशीं वाटलीं नाहींत, त्यांच्यापैकीं कित्येकांनीं लिनक्सचा आश्रय घेतला. इतर सर्व कामें सुरळीत चाललीं. मात्र चित्र लावतांच यंत्र तापूं लागलें. मग घरांत निकाल दिला जातो, ‘यंत्र म्हातारें झालें, आतां नवें घ्यावें.’ हा निकाल खरा कीं घाईचा, हें ठरविण्यासाठीं आंत काय चालतें तें पाहिलें पाहिजे.

पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. ज्याला १०८०पी म्हणतात, त्या चित्रांत आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला अशीं ३० चित्रें दाखवावयाचीं म्हटलें, तर दर सेकंदाला सहा कोटि बावीस लाखांहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. ही सर्व माहिती जशीच्या तशी पाठविली, तर रंगांची नेहमींची काटकसर करूनहि ती सेकंदाला सुमारें ७४६ मेगाबिट भरेल. प्रत्यक्षांत असें चित्र घरीं येऊन पोंचतें तें सेकंदाला अवघ्या कांहीं मेगाबिटांत.

हा चमत्कार संक्षेपाचा आहे. प्रत्येक चित्र पूर्ण न पाठवितां मागल्या चित्रांतून काय बदललें, एवढेंच लिहून पाठवितात. बोलणाऱ्या माणसामागची भिंत हलत नाहीं. तेव्हां ‘भिंत तशीच’ एवढी सूचना पुरते. चेहरा किंचित् डावीकडे झुकला, तर ‘हा तुकडा इतका डावीकडे न्यावा’ अशी आज्ञा लिहिली जाते. अशा संक्षिप्त लेखनाच्या पद्धतीस कोडेक म्हणतात. लिहिणाऱ्याचें काम तर कठीण खरेंच. पण तें वाचून पुन्हां पूर्ण चित्र उभें करणाऱ्याचें कामहि हलकें नव्हे. तें सेकंदाला तीस वेळां, एकहि खाडा न होतां, करावें लागतें.

जुन्या कचेरीचें उदाहरण घेतलें तर ही गोष्ट लवकर ध्यानांत येईल. कचेरींतील कारभारी सर्व कामें जाणतो. हिशेब, पत्रव्यवहार, तंटे-बखेडे, सारें तो निभावून नेतो. मोडींतील कागद समोर आला तर तोहि तो वाचील. पण एकेक अक्षर लावीत, कपाळाला आठ्या घालीत. त्याच कचेरींत एक मोडी-वाचक कारकून असतो. त्याला दुसरें कांहींच येत नाहीं; मात्र मोडी कागद हातीं पडतांच तो घडाघडा वाचून मोकळा होतो. संगणकांतील मुख्य प्रोसेसर हा कारभारी होय. ग्राफिक्स चिपच्या एका कोपऱ्यांत चित्राची उकल करण्यापुरताच घडविलेला जो भाग असतो, तो हा मोडी-वाचक. त्याला येथें उकल-विभाग म्हणूं या. तो अत्यल्प विजेवर आणि फारसा न तापतां काम करतो. चित्र लावतांच यंत्र धापा टाकूं लागलें, तर बहुधा अर्थ इतकाच असतो कीं मोडी-वाचक रिकामा बसला आहे आणि कारभारी घाम गाळीत कागद लावीत आहे. नवें यंत्र आणण्याचा विचार करणाऱ्याची स्थिति तेव्हां ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ अशी होते.

परंतु मोडी-वाचकालाहि सर्व वळणें येत नाहींत. शिवकालीन मोडीचें वळण निराळें आणि पेशवेकालीन मोडीचें निराळें. तशीच कोडेकांची गोष्ट आहे. एच.२६४ ही पद्धति २००३ सालीं प्रमाण ठरली. गूगलनें व्हीपी९ ही २०१३ सालीं पुढें आणली. एव्ही१ ही अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंडळानें २०१८ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्येक नवी पद्धति जुनीपेक्षां अधिक आटोपशीर लिहिते, आणि म्हणूनच तिची उकल अधिक कष्टाची असते. उकल-विभागाचें ज्ञान सिलिकॉनवर कोरलेलें असल्यानें त्याला नवें वळण मागाहून शिकवितां येत नाहीं. इंटेलच्या २०१५ च्या सहाव्या पिढींत एच.२६४ ची उत्तम सोय आहे. पण व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, आणि एव्ही१ ची तर २०२० च्या अकराव्या पिढीपासून.

खरी गोम येथें आहे. चित्रें पुरविणाऱ्या संस्थांना कमी माहितींत चांगलें चित्र पोंचवावयाचें असतें. म्हणून यूट्यूबसारखी संस्था शक्य तेथें व्हीपी९ किंवा एव्ही१ पसंत करते. सहाव्या पिढीच्या यंत्राकडे असें चित्र आलें, कीं त्याच्या मोडी-वाचकाला न येणारें वळण समोर येतें, आणि कागद निमूटपणें कारभाऱ्याकडे जातो. यंत्र बिघडलेलें नसतें. कागदच चुकीच्या वळणाचा आलेला असतो.

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ अशी म्हण आहे. येथें मात्र तिघे जुळले तरच काम होतें. येणाऱ्या चित्राचा कोडेक हा पहिला आणि तो जाणणारा उकल-विभाग हा दुसरा. तिसरा म्हणजे या दोघांमधील निरोप्या. त्यांत ड्रायव्हर आणि चित्र दाखविणारा कार्यक्रम या दोहोंचा समावेश होतो. लिनक्सवर या निरोपाची जी सर्वांत प्रचलित वाट आहे, ती इंटेलनें तयार केलेली व्हीए-एपीआय ही होय. इंटेलच्या पांचव्या पिढीपासून पुढील यंत्रांना ‘इंटेल मीडिया ड्रायव्हर’ लागतो आणि त्याहून जुन्यांना ‘आय९६५’. एएमडीच्या चिपांचा ड्रायव्हर ‘मेसा’ या संचांत येतो. एन्व्हीडियाची वाट प्रथमपासूनच वेगळी असल्यानें तेथें व्हीए-एपीआय मागणाऱ्या कार्यक्रमासाठीं मध्यें आणखी एक पूल बांधावा लागतो.

कधीं कधीं निरोप्या मुद्दामच घरीं ठेवलेला असतो. एच.२६४ आणि एच.२६५ यांवर पेटंटांचे हक्क असल्यानें फेडोरा या लिनक्स-संचानें २०२२ सालच्या ३७ व्या आवृत्तीपासून मेसामधील त्यांची सोय काढून टाकली. तिच्या वापरकर्त्यांना ती ‘आरपीएम फ्यूजन’ या निराळ्या भांडारांतून आणावी लागते. एएमडीच्या चांगल्या यंत्रावरहि फेडोरा बसविल्यानंतर एच.२६४ चीं चित्रें प्रोसेसरवर कां पडतात, याचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें. ब्राउझरांचाहि इतिहास असाच आहे. फायरफॉक्सनें लिनक्सवर इंटेलच्या चिपांसाठीं उकल-विभागाचा उपयोग जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तींत आपोआप सुरू केला, आणि एएमडीसाठीं मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तींत. त्यापूर्वींची आवृत्ति अजून वापरांत असेल, तर ती बदलणें हाच पहिला इलाज.

अशा वेळीं ऐकीव उपायांची कमतरता नसते. कोणी स्मृति वाढवावयास सांगतो, कोणी कर्नेल बदलावयास, कोणी सगळा संचच पुसून दुसरा घालावयास. कारण न शोधतां केलेले हे उपाय म्हणजे साप सोडून भुई धोपटणें होय. आधीं काम कोण करीत आहे तें पाहावें. त्याला पांच पायऱ्या पुरतात.

पहिली पायरी ‘टॉप’ किंवा ‘एचटॉप’ या आज्ञेची. कोणता कार्यक्रम प्रोसेसर खात आहे, तें तेथें दिसतें. येथें एक गैरसमज टाळावा. ‘टॉप’मध्यें १०० टक्के म्हणजे संपूर्ण प्रोसेसर नव्हे, तर त्याचा एक गाभा, चार गाभ्यांच्या यंत्रांत पूर्ण भार ४०० पर्यंत जातो. फायरफॉक्समध्यें ‘अबाउट:प्रोसेसेस’ हें पान उघडलें, तर कोणत्या पानाचा भार किती तेंहि कळतें. चित्राचें पान निर्दोष असून दुसऱ्याच जाहिरातींच्या पानानें घोटाळा केला आहे, असेंहि क्वचित् आढळतें.

दुसरी पायरी ‘जीएलएक्सइन्फो’ या आज्ञेची. तिच्या उत्तरांत चित्र रंगविणाऱ्याचें नांव येतें. तेथें ‘एलएलव्हीएमपाइप’ हा शब्द दिसला, तर ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर चालूच नाहीं, आणि पडद्यावरील सारेंच रेखाटन प्रोसेसर करीत आहे, असें समजावें. हा दोष दुरुस्त होईपर्यंत पुढील सर्व उपाय व्यर्थ होत.

तिसरी पायरी ‘व्हीएइन्फो’. ही आज्ञा उकल-विभागाला कोणतीं वळणें येतात याची यादीच देते. ज्या कोडेकापुढें ‘व्हीएलडी’ हीं अक्षरें असतील, त्याची उकल तो करूं शकतो. जेथें ‘एन्कस्लाइस’ असेल, तेथें तो लेखनहि करूं शकतो. यादीऐवजीं त्रुटीचा संदेश आला, तर ड्रायव्हर बसविलेला नाहीं किंवा चुकीचा बसला आहे.

चौथी पायरी, येणारें चित्र कोणत्या वळणाचें आहे तें पाहण्याची. यूट्यूबच्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय घेतला, कीं रोमन अक्षरांत कोडेकाचें नांव दिसतें. ‘एव्हीसी१’ म्हणजे एच.२६४, ‘व्हीपी०९’ म्हणजे व्हीपी९ आणि ‘एव्ही०१’ म्हणजे एव्ही१. त्याच चौकटींत किती चित्रें गळलीं याचाहि आंकडा असतो.

पांचवी पायरी, ब्राउझर वगळून पाहण्याची. एच.२६४ चें एखादें चित्र यंत्रांत उतरवून घ्यावें आणि ‘एमपीव्ही’ या कार्यक्रमांत दोनदां लावावें. एकदां ‘एचडब्ल्यूडेक’ हा पर्याय ‘नो’ ठेवून, आणि एकदां ‘ऑटो’ ठेवून. दुसऱ्या वेळीं भार झपाट्यानें उतरला, तर चिप आणि ड्रायव्हर निर्दोष आहेत. दोष ब्राउझरकडे किंवा येणाऱ्या कोडेकाकडे आहे. दोन्ही वेळां भार सारखाच राहिला, तर ड्रायव्हरकडे वळावें. इंटेलच्या यंत्रावर ‘इंटेल जीपीयू टॉप’ ही आज्ञा चालविली, तर उकल-विभाग जागा झाला कीं नाहीं, हें ‘व्हिडिओ’ या ओळींत प्रत्यक्षच दिसतें.

निदान झालें, कीं उपाय साधे आहेत. ड्रायव्हर नसेल तर तो आपल्या संचाच्या भांडारांतून बसवावा. फायरफॉक्समध्यें ‘अबाउट:सपोर्ट’ आणि क्रोममध्यें ‘क्रोम:जीपीयू’ या पानावर हार्डवेअरनें उकल होते कीं नाहीं तें पाहावें. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या बंदिस्त स्वरूपांतील ब्राउझर आपलीं साधनें बरोबर घेऊन फिरतात. यंत्रावर ड्रायव्हर असूनहि तो त्यांना न दिसण्याचा संभव असतो. अशा वेळीं संचाच्या भांडारांतील साधा ब्राउझर लावून तुलना करावी. वळणच न येणारें असेल, तर यूट्यूबकडे एच.२६४ चीच मागणी करणारें एखादें छोटें एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडावें. त्या कोडेकांत साधारणतः १०८०पी पर्यंतचींच चित्रें मिळतात. पण जुन्या यंत्राला त्याहून अधिकाची गरजहि नसते. त्या काळच्या पुष्कळ लहान यंत्रांचा पडदा १,३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचाच आहे. त्यावर १०८०पी चित्र मागविणें म्हणजे आधीं ठिपके उकलावयाचे आणि मग ते फेंकून द्यावयाचे. ७२०पी मागविलें, तर ठिपके निम्म्याहून कमी होतात आणि डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाहीं. सेकंदाला ६० चित्रांऐवजीं ३० घेतलीं, तरी कष्ट पुन्हां निम्मे होतात.

चित्र पाहण्यापेक्षां चित्रासह संभाषण अधिक जड जातें, याचें कारण तेथें एकाच वेळीं चार कामें चालतात. कॅमेऱ्याकडून चित्र घेणें हें पहिलें. साध्या यूएसबी २.० वाटेची कमाल गति सेकंदाला ४८० मेगाबिट; ७२०पी चें कच्चें चित्र सेकंदाला ३० वेळां पाठवावयाचें, तर त्यांतील सुमारें ४४२ मेगाबिट एकट्यानें व्यापले जातील. म्हणून पुष्कळ कॅमेरे प्रत्येक चित्र दाबून पाठवितात, आणि यंत्राला तें प्रथम उकलावें लागतें. दुसरें काम, तें चित्र पुन्हां कोडेकांत लिहून पाठविणें. हें सर्वांत कष्टाचें. आणि लिनक्सवरील ब्राउझरांत तें बहुधा मुख्य प्रोसेसरच करतो. तिसरें काम, समोरच्यांचीं चित्रें उकलणें. सहा माणसें असलीं तर सहा चित्रें. चौथें काम पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. मागची भिंत अस्पष्ट करणें किंवा तिच्या जागीं समुद्रकिनारा दाखविणें, यासाठीं यंत्राला प्रत्येक चित्रांत माणूस कोठें संपतो आणि भिंत कोठें सुरू होते, हें नव्यानें ठरवावें लागतें. जुन्या यंत्राची दमछाक पुष्कळ वेळां याच हौसेनें होते.

आवाज तुटण्याचेंहि रहस्य येथेंच आहे. आवाजाचें काम स्वतः अगदीं हलकें असतें; पण चित्राच्या कामांनीं कारभाऱ्याला इतकें गुंतविलेलें असतें, कीं त्या हलक्या कामालाहि वेळेवर वारी मिळत नाहीं. आजी-आजोबांना नातवाचा शब्द ऐकूं न येणें हा अशा वेळीं जोडणीचा दोष नसून भिंतीवरच्या खोट्या समुद्रकिनाऱ्याचा असूं शकतो.

म्हणून संभाषणांत उपायांचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा. प्रथम पार्श्वभूमीचा देखावा आणि अस्पष्टता बंद करावी. नंतर आपला कॅमेरा ३६०पी वर आणावा. त्याचे ठिपके १०८०पी च्या नवव्या हिश्श्याइतकेच असतात. मग सर्वांचे चेहरे एकदम दाखविणारी मांडणी सोडून फक्त बोलणारा दाखविणारी घ्यावी. जित्सी मीटसारख्या सेवेंत येणाऱ्या चित्राची प्रतहि उतरवितां येते. एवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर महत्त्वाच्या बोलण्याच्या वेळीं आपलें चित्र थोडा वेळ बंद ठेवावें. शब्द पोंचणें अगत्याचें, चेहरा नंतरहि दिसतो.

येथें एक विवेकहि ठेवला पाहिजे. प्रोसेसरनें चित्र उकलणें हा कांहीं अपराध नव्हे. एव्ही१ साठीं व्हिडिओलॅनच्या मंडळींनीं तयार केलेला ‘डेव्हिड’ हा उकल-कार्यक्रम इतका कसदार आहे, कीं चार गाभ्यांचें साधारण यंत्रहि मध्यम आकाराचें चित्र त्याच्या बळावर सुरळीत दाखवूं शकतें. गळालेल्या चित्रांचा आंकडा शून्याजवळ असेल, यंत्र बेताचें कोमट असेल आणि वीज जोडलेली असेल, तर केवळ आंकडा मोठा दिसतो म्हणून त्याच्या मागें लागण्याचें कारण नाहीं. उलट, सर्व उपाय करूनहि यंत्र तापतच असेल, तर आंतील पंख्यावर सांचलेली धूळ काढून घ्यावी. यंत्र अति तापलें, कीं प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठीं आपली गति कमी करतो. मग तेंच काम त्याला दुप्पट जड जातें. आणि फारच जुन्या यंत्रांत उकल-विभाग नसतोच, किंवा असला तरी आजच्या कोणत्याच उपयोगी वळणाचा नसतो. तेथें लहान चित्रावर समाधान मानणें किंवा यंत्र लेखन-वाचनास ठेवणें हेंच प्रामाणिक उत्तर होय.

परंतु ज्यांच्या पोटांत उकल-विभाग शाबूत आहे, अशीं यंत्रें केवळ निरोप पोंचला नाहीं म्हणून भंगारांत जाऊं नयेत. नवें यंत्र घेण्यापूर्वीं एक संध्याकाळ या पांच पायऱ्यांना द्यावी. कोणता कागद आला, तो वाचणारा घरांत आहे कीं नाहीं, आणि त्याच्यापर्यंत निरोप गेला कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, कीं पैसे कोठें खर्चावयाचे आणि कोठें नाहीं, हें घरांतल्या घरांतच ठरवितां येतें.